देव्हारा गेला, लाज मात्र राहिली!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांमधून देव्हारे उठले. खंडोबा-म्हसोबाचे टाक नदीत गेले, मरीआईचा गाडा ओढणे थांबले, घराघरात तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आल्या. रक्ताचा थेंब न सांडता झालेल्या या क्रांतीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु एक प्रश्न आज आपण स्वतःलाच विचारायला हवा. देव्हारा गेला, पण घरातल्या माणसाचे मन आजारी पडले तर त्याला घेऊन आपण जातो कुठे?

प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर दोन प्रकारचे लोक दिसतात. काही जण अंधार पडल्यावर, शेजाऱ्याला कळू न देता, देवऋषाचे दार गाठतात. आणि जे देवऋषाकडे जात नाहीत, ते कुठेच जात नाहीत! देवऋषाकडे जायला विचार आडवा येतो आणि डॉक्टरकडे जायला लाज आडवी येते. मधल्या मध्ये माणूस मात्र झिजत राहतो. या लाजेविषयीच आज बोलायचे आहे, आणि ते पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या निमित्ताने बोलायचे आहे.

हे दोनच तालुके का? कारण पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही पुण्याच्या सुविधा इथपर्यंत पोहोचताना दमतात. वेल्ह्यात तोरणा आणि राजगड, भोरमध्ये रोहिडा आणि रायरेश्वर. इतिहासाच्या पुस्तकात या मुलखाला मानाचे पान आहे. भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड लागते, जिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. नावे बदलतात, पण रात्री अकरा वाजता एखाद्या माणसाचे डोके फिरल्यासारखे झाले तर त्याला न्यायचे कुठे, हा प्रश्न बदलत नाही.

या डोंगरात धरणे झाली. भोरमध्ये भाटघर आणि नीरा-देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी. पाणी खाली शहराला आणि कालव्याला गेले. वरची माणसे उठवली गेली किंवा काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिली. पावसाच्या भरवशावरचे एक भाताचे पीक घ्यायचे आणि उरलेले वर्ष मुंबई, पुणे, शिरवळ, खेड-शिवापूर इथे मजुरी शोधायची, हा इथला जगण्याचा रिवाज आहे. कातकरी बांधव तर वीटभट्टीवर बिऱ्हाड हलवतात. बौद्ध वस्तीतली तरणी पोरे शहरात आणि म्हातारी माणसे गावात, असे चित्र गावोगावी दिसते. अशा तुटलेल्या घरांमध्ये मनावर काय काय गुदरत असेल, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

हिशेब मांडूनच पाहू

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने ग्रासलेल्यांचे प्रमाण वीस माणसांमागे एक होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि ग्रामीण भागातले प्रमाण महानगरांपेक्षा कमी आढळले होते. म्हणून आपण फार सावधपणे आकडा धरू. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. दोन्ही मिळून २ लाख ४० हजार. त्यातले प्रौढ साधारण दीड-पावणेदोन लाख. राष्ट्रीय प्रमाणाच्या निम्मे-पाऊण जरी धरले, तरी या दोन तालुक्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे आज मनाच्या आजाराशी झगडत आहेत, असा ढोबळ अंदाज निघतो. दहा हजार! एवढे लोक हिवतापाने आजारी पडले असते तर आमदार-खासदार रस्त्यावर आले असते.

त्याच सर्वेक्षणातली दुसरी गोष्ट अधिक चीड आणणारी आहे. नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंचाऐंशी जणांना कोणतेच उपचार मिळत नव्हते. भारतात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि जे आहेत ते शहरात आहेत. तेव्हा हा विषय फक्त ज्याच्या त्याच्या स्वभावाचा नाही. हा सरळसरळ हक्काचा आणि वाटपाचा प्रश्न आहे.

हे आजार कोणते?

आपल्याकडे मनाच्या आजारासाठी एकच शब्द वापरला जातो, वेड. हा शब्दच पहिला शत्रू आहे. कारण ज्याला झोप लागत नाही, ज्याचा जीव सारखा घाबरा होतो, जी बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडते, त्यांपैकी कोणीही वेडे नसते. आणि म्हणूनच त्यांना वाटते, आपल्याला काही झालेलेच नाही, आपणच कमी पडतो.

सर्वात जास्त आढळणारा आजार म्हणजे नैराश्य, ज्याला शहरात डिप्रेशन म्हणतात. दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. माणूस गेला, पीक बुडाले, नोकरी सुटली तर दुःख होणारच. ते आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप उडणे किंवा सारखे झोपून राहावेसे वाटणे, अन्नावरची वासना जाणे, हातपाय गळणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, जगण्याचा कंटाळा येणे आणि यामुळे रोजचे काम होईनासे होणे, हे नैराश्याचे लक्षण आहे. आपल्या खेड्यातला माणूस ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, अंग दुखते, डोके भणभणते, छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. मग सलाईन लावले जाते, ताकदीची सुई दिली जाते, पैसे जातात, आजार तसाच राहतो.

दुसरा आजार चिंतेचा. सतत काहीतरी वाईट घडणार असा घोर लागणे, बारीकसारीक गोष्टींनी छातीत धडधडणे. काहींना अचानक भीतीचा झटका येतो. घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता मरतो असे वाटते. पहिल्यांदा असे झाले तर हृदयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. ती चांगली निघूनही झटके येत राहिले, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. पुन्हा पुन्हा हात धुणे, कडी लावली की नाही हे दहादा पाहणे, यालाच आपण मंत्रचळ म्हणतो. तोही आजार आहे, खोड नव्हे.

तीव्र आजार तुलनेने कमी लोकांना होतात, पण त्यांचीच सर्वाधिक भीती घातली जाते. स्किझोफ्रेनियात माणसाला इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्याविरुद्ध कट करते आहे असे ठाम वाटते. बायपोलर आजारात काही काळ उत्साहाचा पूर आणि काही काळ खोल नैराश्य येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ मध्ये ‘देवराई’ हा चित्रपट स्किझोफ्रेनियावर काढला, तेव्हा मराठी प्रेक्षकांनी पहिल्यांदा असा माणूस आतून पाहिला. या आजारांवर औषधे आहेत. लवकर सुरू केली आणि नियमित घेतली तर अनेक जण घर-संसार, नोकरी करतात.

औषधांविषयीचे गैरसमजही दूर केले पाहिजेत. नैराश्यावरची नेहमीची औषधे व्यसन लावणारी नसतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्यावी लागतात आणि बंद करायची ती त्यांना विचारून, हळूहळू. थायरॉईडचा आजार आणि रक्त कमी असणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून आधी तपासणी हवी. आणि औषधाइतकेच, काही वेळा औषधाआधी, समुपदेशन उपयोगी पडते.

आयुष्याच्या वळणावर

मन बहुधा आयुष्याच्या वळणावर ठेचकाळते. लग्न होऊन मुलगी परक्या गावी येते. तिथे तिचे म्हणावे असे एकही माणूस नसते. पुढे बाळंतपण. भारतातल्या अनेक अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. पण घरात पाहुणे बाळाला बघायला येतात, आईला नाही. ती रडते तेव्हा सासू म्हणते, दृष्ट लागली. मुलगी झाली असेल तर विचारूच नका. पाळी जाण्याच्या वयात झोप उडते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. तिला घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. शरीराचा बदल, कामाचा बोजा आणि घरातली उपेक्षा हे सगळे त्या एका चिडचिडीच्या मागे उभे असते.

तरुणांची वळणे वेगळी. दहावी-बारावी झाली की पोरगा शिरवळच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. आज कामावर, उद्या घरी. रात्रपाळीने झोप मोडते, झोपेबरोबर मन मोडते. दुसरा पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. चार-पाच वर्षे जातात, जागा निघत नाहीत, निघाल्या तर निकाल अडतो. वस्तीने त्याला ‘साहेब’ म्हणायला आधीच सुरुवात केलेली असते. आता कोणत्या तोंडाने गावी यायचे? तो सणाला यायचा थांबतो, फोन उचलायचा थांबतो. आपण म्हणतो, शहरात गेला आणि विसरला. तो विसरलेला नसतो, तो बुडत असतो.

ज्यांनी धरणात किंवा पुढे फार्महाऊसवाल्यांच्या पैशात जमीन घालवली, त्यांच्यासाठी जमिनीबरोबर ओळखही गेली. कालचा मालक आज त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनावर जो घाव बसतो त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. हातात आलेला पैसा दारूत जातो आणि दारूने नैराश्य वाढते. दारू हा दुःखावरचा उपाय नाही, ती दुःखाची दुसरी फेरी आहे. आणि म्हातारपणी? वस्तीत एकटी राहिलेली आजी चूल पेटवायची विसरते, नातवाचे नाव विसरते, घरचा रस्ता विसरते. तो दरवेळी वयाचा दोष नसतो. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार असू शकतो.

ही वळणे सगळ्यांच्या आयुष्यात येतात. मात्र सगळ्यांचे रस्ते सारखे नसतात.

जात मनालाही सोडत नाही

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघेही आपल्या समाजाने पोटाला चिमटा काढून शिकवलेली लेकरे. त्यांच्या मृत्यूनंतर काही शहाण्यांनी ‘मनाने कमकुवत’ असा शेरा मारला. हा शेरा म्हणजे खुन्याला सोडून जखमेला दोष देण्यासारखे आहे. आशिष गुप्ता आणि डायेन कॉफी या अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, अनुसूचित जातींचे आणि मुस्लिम समाजाचे मानसिक स्वास्थ्य सवर्ण हिंदूंपेक्षा वाईट आहे आणि शिक्षण, मालमत्ता यांतला फरक वजा केला तरी ही दरी पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणजे गरिबी हे एकच कारण नाही. रोजचा अपमान, रोजची धास्ती आणि ‘आपण कोण’ हे कोणीतरी सतत आठवण करून देणे, हे सारे मनात साचते.

इथे दोन टोके टाळली पाहिजेत. एक टोक असे की जातीच्या हिंसेला ‘आजार’ म्हणायचे आणि पीडिताच्या हातात गोळी देऊन मोकळे व्हायचे. जात गोळीने बरी होत नाही. तिच्यासाठी संविधान, कायदा आणि संघर्ष हवा. दुसरे टोक आपल्या चळवळीतले आहे. ‘व्यवस्था बदलली की सगळे ठीक होईल’ असे म्हणून आज तळमळणाऱ्या माणसाला तसेच सोडून द्यायचे. पाय मोडलेल्या माणसाला आपण आधी रस्ता नीट करू, मग तुझे प्लास्टर करू, असे म्हणतो काय? रस्त्यासाठी मोर्चा काढायचा आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यातही न्यायचे. दोन्ही कामे आपलीच आहेत.

घाटावरची गर्दी

भोरकडून घाट चढून गेले की वाई तालुक्यात मांढरदेवी लागते. काळूबाईच्या या डोंगरावर भूतबाधा उतरवायला, अंगातले वारे काढायला पिढ्यान्पिढ्या माणसे आणली जातात. त्यात बायका अधिक. २५ जानेवारी २००५ ला इथल्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत जवळपास तीनशे माणसे मेली. त्या गर्दीत कोण होते? श्रीमंतांची मुले नव्हती. दवाखान्याने ज्यांना दार उघडले नाही, असे कष्टकरी बहुजन होते. भाविकांना हसणे सोपे आहे. पण ज्या बाईचे ऐकून घ्यायला घरात, गावात, दवाखान्यात कोणीच नाही, तिचे सगळे लोक फक्त अंगात आल्यावरच ऐकतात, हे वास्तव समजून घेतल्याशिवाय अंधश्रद्धा जाणार नाही.

मनोरुग्णांना श्रद्धेच्या नावाने बांधून ठेवल्याचा शेवट कसा होतो हे ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत दिसले. साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले; त्यांना पळताही आले नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणे, काठीने-चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. याच दाभोलकरांनी शेजारच्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्था उभी केली. भूत नाही असे नुसते सांगून भागत नाही, मग काय आहे आणि त्यावर उपाय कोणता, हेही सांगावे लागते, हा त्यातला धडा आहे.

बाबासाहेबही रडले होते

आता आपल्या लाजेकडे वळू. आपल्यात एक समजूत घट्ट बसली आहे की, वाघाचा छावा रडत नाही, भीमसैनिक खचत नाही. घोषणेसाठी हे ठीक आहे. पण घोषणा घरात आली की ती गळा दाबते. मोर्चात पुढे असणारा कार्यकर्ता रात्री झोपू शकत नाही, पण कोणाला सांगणार? सांगितले तर विरोधक हसतील आणि आपलेही म्हणतील, हा कसला आंबेडकरवादी!

अशांनी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेसे आत्मकथन वाचावे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत एका मोठ्या, अंधाऱ्या दिवाणखान्यात ते एकटेच राहत होते. त्या एकटेपणाने जीव कसा कासावीस होई, बोलायला एक माणूस मिळावा असे कसे वाटे, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, तेव्हा आपण मोडून पडलो आणि रडलो, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांनी आणि माता रमाईने चार लेकरे गमावली. १९३५ साली रमाईही गेल्या, तेव्हा ते किती कोलमडले होते हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ज्याने देशाला संविधान दिले त्या महामानवाला आपले अश्रू लिहून ठेवायला लाज वाटली नाही. मग आपण कोण लागून गेलो?

आणि तथागत? पटाचारेची कथा आपल्या उपासिकांना ठाऊक असते. नवरा, मुले, आईबाप, भाऊ सगळे एकापाठोपाठ गेल्यावर ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध नसलेली, रस्त्यारस्त्याने फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत, माती फेकत. बुद्धांनी तिला हाकलू दिले नाही. तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली, भानावर येण्यास सांगितले, कोणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. त्यांनी तिच्यावर मंत्र टाकला नाही, तिचे ऐकून घेतले आणि तिच्या दुःखाला वाट दिली. हीच पटाचारा पुढे थेरी झाली आणि शोकाने वेड्यापिशा झालेल्या इतर स्त्रियांना तिने सावरले. मनाच्या आजाराकडे पाहण्याची धम्माची दृष्टी ही आहे. मात्र एक खबरदारी घ्यावी. विपश्यना मनाला शिस्त लावते, पण तीव्र मानसिक आजारावरचा तो उपचार नाही. विपश्यना केंद्रेही अशा रुग्णांना शिबिरात येऊ नका असेच सांगतात. आजाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्यावे.

हक्क काय आहेत?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून देशात लागू आहे. सरकारच्या खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. लिंग, धर्म, वर्ग आणि जात यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे, असे कलम ११५ सांगते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखी सरसकट शिक्षाही राहिलेली नाही. म्हणून पोलीस केस होईल या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार दीर्घकालीन मानसिक आजार हे दिव्यांगत्व आहे. ४० टक्के किंवा अधिकचे प्रमाणपत्र मिळाल्यास योजनांचे दार उघडते.

कागदावर एवढे सगळे आहे. प्रत्यक्षात वेल्ह्याच्या टोकाच्या गावातून औंधच्या जिल्हा रुग्णालयात, ससूनला किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबतीला माणूस लागते. दर महिन्याला हे कोणाला परवडेल? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. तो जिल्ह्याच्या गावी थांबून चालणार नाही. भोर आणि वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ बसलाच पाहिजे आणि औषधे तिथेच, फुकट मिळाली पाहिजेत. ही मागणी आपल्या निवेदनांत किती वेळा आली? स्मारक, कमान, सभागृह यांच्या मागण्यांबरोबर ही एक ओळ जोडायला काय हरकत आहे?

विहाराने काय करावे?

तज्ज्ञ येईपर्यंत हात जोडून बसायचे काय? मुळीच नाही. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या रुग्णांना सावरले, हे २०१७ मध्ये जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातलीच माणसे तयार केली. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे पुण्या-मुंबईत नाही, आपल्यासारख्याच खेड्यांत घडले.

मग आपल्या विहारात हे का घडू नये? वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन होते, त्यातला एक दिवस मनाच्या आरोग्यासाठी द्यावा आणि डॉक्टरला बोलवावे. आपल्या वस्तीतल्या किती तरी भगिनी आशाताई आहेत. तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी त्यांच्या हाती जी प्रश्नावली असते, तिच्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आहेतच: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झाली काय, आणि उदास, निराश वाटले काय? हे दोन प्रश्न घाईने खूण करून उरकायचे नाहीत. चटईवर बसून विचारायचे. महिला मंडळाने प्रत्येक बाळंतिणीकडे सव्वा महिन्यात दोनदा तरी जावे आणि बाळाआधी तिची विचारपूस करावी. मुंबई-पुण्यातल्या गावच्या मंडळांनी वर्गणी गोळा करताना शहरात एकट्या राहणाऱ्या पोरांच्या खोलीवरही चक्कर टाकावी.

आणि कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नये. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ लोकांनी जीव दिला. त्यांत महाराष्ट्रातले २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातल्या या मृतांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवरचे मजूर होते. ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असे सरळ, मायेने विचारल्याने कोणी प्रवृत्त होत नाही. उलट ओझे हलके होते. अशा माणसाला एकटे सोडू नये, घरातली शेतीची औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याला दवाखान्यात न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही चालतो. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर, सूचनांच्या सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिला गेला पाहिजे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. शिकायचे ते मनाच्या आजाराविषयीही शिकायचे आहे. संघटित व्हायचे ते खचलेल्या माणसाभोवतीही व्हायचे आहे. आणि संघर्ष करायचा तो तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसावा यासाठीही करायचा आहे. आपल्या आजा-पणज्यांनी देव्हारा उचलून बाहेर टाकला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकण्याच्या धमक्या दिल्या होत्या. तरी ते डगमगले नाहीत. आपल्याला तर फक्त लाज टाकायची आहे. तेवढे धैर्य आपल्यात नक्कीच आहे!

जयभीम!